ऋतुराजचा बाप्तिस्मा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२४

ती. लीलाताईस,
जोतीरामचा सा. सलाम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. आपल्या भैरवीने लग्न ठरवलंय. मुलगा मुरगूडचा, ऋतुराज. थोडी शेती, गोठाभर म्हशी. वडील नाहीत, घरी आई बनाबाई. घर हिंदू, पण मुलगा आपणहून बाप्तिस्मा घ्यायला तयार आहे. ईस्टरला बाप्तिस्मा आणि मे महिन्यात आपल्या चर्चमध्ये लग्न, असं मी मनात पक्कं केलंय.

अडलंय पाळकसाहेबांपाशी. त्यांनी त्याला विचारलं, बाप्तिस्मा कशासाठी हवा? तो भैरवीकडे बघायला लागला. मग ते म्हणाले, थांबू या. मी चर्चच्या पंचमंडळातला वडील, आणि माझ्याच होणाऱ्या जावयाला थांबवतात. लोक विचारायला लागलेत. पाळकसाहेब लहानपणी तुझ्या संडे स्कूलमध्ये होते, तुझं ऐकतील. त्यांना दोन ओळी लिही.

दम्याची गोळी चुकवू नकोस. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
जोतीराम


हुपरी
२१ फेब्रुवारी २०२४

चि. जोतीरामास,
लीलाताईचे अ. उ. आशीर्वाद.

गोळी घेते. तू बिनसाखरेचा चहा मागतोस आणि मागाहून दोन चमचे घालतोस, हे भैरवीने कळवलंय. तेव्हा मला शिकवू नकोस.

तुझा ऋतुराज परवा मोटारसायकलवरून इथे आला होता. मला ऐकू यावं म्हणून एवढ्या मोठ्यानं बोलत होता की शेजारच्या पैंजणवाल्यांनी हातातलं काम थांबवलं. मीही त्याला पाळकसाहेबांचाच प्रश्न विचारला. म्हणाला, आत्या, तुमच्याशी खोटं बोलत न्हाय. भैरवीसाठी घेतोय. देवाचं मला अजून काय कळत न्हाय. मुलगा मला आवडला. म्हणूनच मी पाळकसाहेबांना लिहिणार नाही.

तुझे दाजी आजारी होते तेव्हा मी देवाजवळ एकच मागितलं. ते मिळालं नाही. त्यांना माती देऊन मी परत आले तेव्हा वाटलं, आता देवाचं आणि आपलं संपलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना बघते तर त्याच्याशीच बोलत होते. तक्रारच करत होते, पण त्याच्याकडेच. तेव्हा कळलं, माझं त्याच्यावर प्रेम आहे. उपासना, सण, बाप्तिस्मा, सगळं त्या प्रेमावर उभं आहे. ते नसेल तर पाण्यानं नुसतं डोकं भिजतं. ऋतुराजला ते आतून येऊ दे. तोवर रजिस्टर लग्न करा.

रागावशील. रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई


मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ मार्च २०२४

ती. ताईस,
सा. सलाम.

रागावलोच होतो. आजोबांपासून आपल्या घरातलं प्रत्येक लग्न त्या चर्चमध्ये झालं, आणि माझी एकुलती एक पोर कचेरीत सही करणार. आठ दिवस तुझ्या पत्राला हात लावला नाही.

मग बनाबाईंची समजूत काढावी म्हणून मुरगूडला गेलो. बाप्तिस्म्याचं ऐकून त्यांनी जेवण टाकलंय असं भैरवी म्हणाली होती. मला वाटलं, शिव्या खायला लागतील. त्यांनी आधी पेलाभर धारोष्ण दूध पुढे ठेवलं, मी ते संपवेपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, पावणं, त्येला तुमचा देव खरंच आवडला असता तर मी रडली असती आणि गप बसली असती. पर पोरगं पोरीपायी तुमच्या देवाम्होरं खोटं बोलणार. त्ये तुमाला चालतंय व्हय?

ताई, तू लिहिलंस तेच त्या बोलल्या. मी पेला ठेवून उठलो. ऋतुराज गोठ्यात होता. तिथं जाऊन त्याला सांगितलं, लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यायचा नाही. त्यानं बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, म्हणजे लग्न मोडलं व्हय? मी म्हटलं, नाही रे बाबा. तेव्हा त्याला रडू आलं, आणि मलाही. बनाबाई त्या दुपारी जेवल्या.

चर्चच्या लोकांना काय सांगायचं ते बघतो. तू तेवढी पाठीशी राहा.

जोतीराम


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ जून २०२४

ती. ताईस,
सा. सलाम.

रजिस्टर लग्नाच्या दिवशी तू बनाबाईंच्या शेजारी बसलीस आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या कानात ओरडत होतात, त्याची चर्चा अजून चालू आहे. पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रार्थना केली तीही सगळ्यांना आवडली. दोन जुन्या कुटुंबांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. वाईट वाटतं, पण झोप लागते.

लिहायचं ते वेगळंच. भैरवी दर रविवारी उपासनेला येते आणि ऋतुराज तिला सोडून बाहेर गाडीपाशी थांबतो. मी त्याला कधी आत बोलावलं नाही. काल तो आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. गुरुवारी त्याची आवडती म्हैस व्यातानाच दगावली होती. मला वाटलं, मन रमवायला आला असेल. उपासना संपली, लोक गेले, तरी तो तिथेच. भैरवी हाक मारायला निघाली, तिला मी हातानंच थांबवलं. आम्ही पायरीवर बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. डोळे लाल होते. म्हणाला, मामा, मी देवाला लय बोललो आत. त्यो रागवायचा न्हाय न्हवं? मी म्हटलं, नाही. मग तो म्हणाला, म्हणजे पुढल्या रविवारीबी येतो.

बाप्तिस्म्याचं मी काही काढलं नाही. तूही काढू नकोस. त्याच्यासाठी प्रार्थना कर, आणि थोडी माझ्यासाठीही.

तुझा,
जोतीराम