तसबिरीच्या काचेपायी फ्लॅश
१२ मार्च १९७४, मंगळवार. कुंभार पिंपळगाव

दोन फ्लॅश घरी आणलेत. जालन्याचा दुकानदार म्हणाला, "लावून बघा, जमला न्हाई तो उद्या वापस करा." कॅमेऱ्याच्या कंपनीचा परवडत न्हाई, म्हणून हे दुसऱ्या कंपन्यांचे. एकाचा उजेड मोठा, पण तो कॅमेऱ्यावरच बसतो. दुसरा साधाच. त्याला लांब वायर आहे, हातात बाजूला धरता येतो.

आमच्यातली लग्नं बुद्धाच्या तसबिरीसमोर लागतात. समोरून फ्लॅश मारला की तसबिरीची काच चमकते अन् फोटोत बुद्धाच्या जागी पांढरा डाग येतो. मागच्या लग्नात तेच झालं. नवरीचा बाप नुसता फोटो बघत राह्यला. ते अजून डोक्यातून जात न्हाई.

आधी असं काही तपासायचं असलं की माझी बहीण सुशी समोर उभी राहायची. "दादा, जल्दी कर, भाकर करपून राह्यली." दिवाळीनंतर लग्न होऊन ती वडीगोद्रीला गेली. आज मी अन् भिंतीवरची तसबीर, दोघंच.

मोठा फ्लॅश मारला. काच लखकन चमकली. मंग वायरवाला, हात लांब करून. काच शांत. म्हणजे हाच ठेवायचा. पण मोठा उजेड सोडून चूक तर करत न्हाई ना? खात्रीसाठी वायरवाला पुन्हा उचलला, अन् बटणावर बोट ठेवताना सवयीनं तोंडातून गेलं, "सुशे, डोळे मिटू नको."

बटण दाबलंच न्हाई.