वरच्या शेतात तुंबलेलं पाणी

कफ्र जाद,
९ मे १९८३

चि. अवातिफ हिस,
मितवल्लीदादाचे अनेक आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कॉलेजात तू प्रेतं चिरतेस, हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. अवातिफ जाडजूड पुस्तकं वाचते, एवढंच सांगतो. आईबाप गेल्यावर तुला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचो, तेव्हा कोंबडीचं रक्त बघून तू माझ्या मानेत तोंड लपवायचीस. आता अलेक्झांड्रियाचं पाणी लागलं!

इकडे सर्व क्षेम. भाताची रोपं हातभर झाली आहेत, लवकरच लावणीला उतरू. आणि आता गोड बातमी: आपला वहीद पुरुष झाला. गेल्या आठवड्यात त्याला लाल लघवी झाली. पोरगं रडत आलं, मी हसून त्याला उचलून घेतलं. अकरावं सरतंय, म्हणजे माझ्याही आधीच म्हणायचं. तुझ्या वहिनीने गुलाबाचं शरबत केलं आणि मी ते आळीभर वाटलं. शेजारच्या हसनच्या मुलाला अजून काही नाही, म्हणून हसन कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून प्यायला.

आणखी एक सांगू का नको असं झालंय, पण तू आता डॉक्टरीणबाई. लग्नानंतर माझं जे बंद झालं होतं, ते चाळिशीत पुन्हा सुरू झालंय. जळजळतं थोडं, पण रंग अगदी डाळिंबाचा. मी बहियाला म्हटलं, बाई जपून राहा, दुसरी आणायचं वय परत आलंय माझं. ती मुलुखियाची भाजी चिरत होती, पातं हातात घेऊनच उठली.

प्रकृतीला जप. दादावरची माया अभ्यासात बुडू देऊ नकोस.

तुझा,
मितवल्ली

---

अलेक्झांड्रिया,
१४ मे १९८३

ती. मितवल्लीदादास,
अवातिफचा सलाम वि. वि.

दादा, हे पत्र हसत वाचू नकोस.

ते रक्त पुरुषपणाचं नाही. वहीदचं नाही, तुझं नाही, आपल्या बाबांचंही नव्हतं. मागेही मी लिहिलं होतं की कालव्यात उतरू नका, ते तू थट्टेवारी नेलंस. त्या पाण्यात गोगलगायी असतात. त्यांच्यातून डोळ्याला न दिसणारा किडा निघतो आणि कातडीतून आत शिरतो. रक्तातून फिरत तो लघवीच्या पिशवीभोवतीच्या शिरांत बिऱ्हाड करतो आणि अंडी घालतो. मी सूक्ष्मदर्शकातून ते अंडं पाहिलं आहे. त्याच्या एका टोकाला काटा असतो. तो पिशवीला आतून बोचतो, म्हणून रक्त येतं. इथे आल्यावर माझी तपासणी झाली तेव्हा माझ्यातही ती अंडी निघाली आणि मला गोळ्या घ्याव्या लागल्या. आता मी कुठली पुरुष, सांग बघू!

वहीद गोळ्यांनी बरा होईल. मला काळजी तुझी आहे. आपलं अंग पेशींचं असतं. इतक्या बारीक की त्यांची सगळी गर्दी मिळून तू झालास. एकाच कामाच्या पेशी लावणीच्या बायांसारख्या ओळीने उभ्या राहतात, त्यांचा पडदा होतो. असे पडदे आणि स्नायू मिळून पिशवी होते. तुझ्या पिशवीतल्या पडद्याला तो काटा तीस वर्षं बोचतो आहे. एवढ्या छळानंतर एखादी पेशी ओळ मोडते, हुकूम ऐकेनाशी होते आणि नुसती वाढत सुटते. नाव न सांगता मी आमच्या सरांना विचारलं. चाळिशीत रक्त परत येतंय, हे ऐकून सर गंभीर झाले. त्या माणसाला ताबडतोब घेऊन ये, म्हणाले.

तो माणूस तू आहेस. ये. वहीदला घेऊन ये. रागावलास तरी चालेल, पण ये.

तुझीच,
अवातिफ

---

कफ्र जाद,
२१ मे १९८३

चि. अवातिफ हिस,
आ. वि. वि.

माझ्या पोटात अंडी! मी काय कोंबडी आहे का? आपल्या आजोबांनी त्या कालव्यात नमाजाआधी हातपाय धुऊन वुजू केलं, त्यात न्हाले, त्यातलंच पाणी प्यायले आणि सत्तरी गाठली. गावातला एकेक बाप्या पोरपणी लाल मुतला आहे. सगळं गाव आजारी, आणि एकटी तू तेवढी शहाणी?

तू शिकावंस म्हणून मीच धडपडलो, त्यामुळे बोलायची सोय नाही. पण शरबत वाटून झाल्यावर आता गावाला काय सांगू, की माझ्या पोराला किडे झालेत? हसन महिनाभर तेच चघळत बसेल.

लावणी चालू आहे, गुडघाभर पाण्यात उभा आहे. मग रमजान लागेल. ईद झाल्यावर बघू. तोवर हा विषय नको. सरांना माझा सलाम सांग, आणि दुसऱ्याच्या लघवीत नाक खुपसू नका म्हणावं.

रागात लिहिलंय, पण माया तेवढीच आहे.

मितवल्ली

---

कफ्र जाद,
१६ जून

प्रिय वन्सं,
बहियाचा सलाम.

माझं अक्षर चौथीतलं आहे, समजून घ्या. हे पत्र त्यांना ठाऊक नाही. टपाल मी माझ्या बहिणीकडून पाठवते आहे.

तुमचे दादा वाळले आहेत. लोकांना सांगतात, रोज्यांमुळे. पण रोजे आता लागले आणि गालफडं त्याआधीच बसली होती. लघवीला गेले की भिंतीला हात लावून उभे राहतात, बराच वेळ, आणि थेंब थेंब होते. रक्ताच्या गाठी पडतात. मी पाहिलं तर माझ्यावर ओरडले, मग स्वतःच माती टाकून झाकलं. डाव्या कमरेला फडकं घट्ट बांधतात. विचारलं तर म्हणतात, लावणीत वाकून वाकून धरली. रोजा सुटल्यावरही पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं की बाहेर काढावं लागतं.

दुसरी आणण्याची थट्टा त्यांनी बंद केली आहे. वन्सं, मला त्याचीच भीती वाटते. तुमचं ते पत्र झग्याच्या खिशात असतं, घडीवर फाटलं आहे, पण टाकत नाहीत. मी बोलले तर ऐकणार नाहीत. तुम्ही रागावू नका, त्यांच्या कलाने लिहा. लवकर लिहा.

तुमची वहिनी,
बहिया

---

अलेक्झांड्रिया,
२० जून

ती. दादास,
सलाम वि. वि.

आज गोगलगायी नाहीत, अंडी नाहीत. आज मला कालव्यातलं एक विचारायचं आहे, कारण पाण्याचं तुझ्याइतकं मला कळत नाही.

माणसाच्या पाठीशी, बरगड्यांच्या खाली, दोन मूत्रपिंडं असतात. ती रक्त गाळतात आणि घाण पाणी खाली सोडतात. प्रत्येकाचा एक बारीक चर खाली येतो. दोन्ही चर एका हौदात पडतात, तीच लघवीची पिशवी. हौदाला एक फाटक असतं. वरचं शेत, चर, हौद, फाटक, सगळी मिळून एकच व्यवस्था. त्यातलं कुणी एकटं आजारी पडत नाही.

समज, हौदात गाळ साचला आणि चरांची तोंडं बुजली. वरून पाणी येतंच आहे. मग वरच्या शेतात काय होतं, दादा?

उत्तर मला लिहू नकोस. कमरेचं फडकं सोड आणि डावीकडे हात लावून बघ.

मला खांद्यावर बसवून नेणारं दुसरं कुणी नाही.

तुझी,
अवातिफ

---

कफ्र जाद,
२५ जून

चि. अवातिफ हिस,
आ. वि. वि.

पाणी उलटं वर चढतं. मुळं कुजतात. वरून शेत हिरवं दिसतं, आणि एके दिवशी हात लावावा तर रोप सहज उपटून येतं. हे मला तुझ्या सरांनी शिकवायला नको.

फडक्याचं तुला कुणी कळवलं, ते विचारत नाही. फडकं सोडलं. डावीकडे फुगलंय, आणि दाबलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. वरचं शेत बुडतंय, अवातिफ.

ईदची वाट बघत नाही. शनिवारी वहीदला घेऊन निघतो. लावणीचं राहिलेलं बहियाचा भाऊ बघेल. माझ्या दोन अटी आहेत. तुझ्या वर्गातल्या पोरींनी मला पाहायचं नाही. आणि मेलो तर मला तुमच्या त्या टेबलावर ठेवायचं नाही, आईशेजारी आणून ठेवायचं.

मला भीती वाटते. हे बहियाला सांगू नकोस.

दादा

---

अलेक्झांड्रिया,
१८ जुलै

प्रिय वहिनीस,
सलाम वि. वि.

दादा जिवंत आहे. हे आधी वाचा, मग बाकीचं.

पिशवी पूर्ण काढावी लागली. आतला गोळा लिंबाएवढा होता, पण भिंतीबाहेर गेलेला नव्हता. डावं मूत्रपिंड कामातून गेलं होतं, तेही काढलं. उजवं वाचलं आहे, त्या एकावर माणूस जगतो. डॉक्टरांनी त्याच्याच आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याची नवी मोरी केली आणि पोटावर तोंड काढलं. तिथे आता कायमची एक छोटी पिशवी लावायची. बदलायला मी शिकले आहे, तुम्हालाही शिकवीन. याखेरीजही काही काढावं लागलं, ते भेटल्यावर बोलू.

वहीदने गोळ्या घेतल्या, तो ठणठणीत आहे. वॉर्डातल्या सगळ्यांची नावं त्याला पाठ झाली.

पण दादा भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मी म्हटलं, जेवणाच्या खात्याने पाण्याच्या खात्याला आपल्या शेतातून वाट दिली, असा शेजार गावात तरी कुठे मिळतो? तो हसला नाही. आता मी अर्धाच पुरुष, एवढंच बोलला. जखम भरेल असं डॉक्टर म्हणतात. याचं काय करावं, ते पुस्तकात नाही. तुम्ही या.

तुमची,
अवातिफ

---

कफ्र जाद,
११ नोव्हेंबर

चि. अवातिफ हिस,
अनेक आ. वि. वि.

भात घरात आलं. बहिया रोज पिशवी बदलते आणि रोज मला शिव्या देते, म्हणजे सगळं पूर्ववत चाललंय. मी घराबाहेर फारसा पडत नव्हतो. झग्याखाली काय आहे ते कुणाला कळू नये, म्हणून चहाच्या दुकानाची वाटही सोडली होती. काल तिसऱ्या प्रहरी, आसरच्या नमाजानंतर वहीदने हाताला धरून नेलं.

तिथे हसन हातात तबक घेऊन उभा. शरबत! त्याच्या मुलाला लाल झालं होतं. पहिला पेला त्याने माझ्याकडेच केला, छाती पुढे काढून. सगळे बघत होते. तो मुलगा बापाच्या मागे उभा होता, चेहरा पांढरा. मला वहीदचं रडणं आठवलं, आणि मी कसा हसलो होतो, तेही.

अवातिफ, मी पेला घेतला नाही. उठलो आणि सगळ्यांसमोर झगा वर केला. ती पिशवी, तो व्रण, सगळं दाखवलं. हसनला म्हटलं, मी ज्याचं शरबत वाटलं, ते हे आहे. मग मी झगा खाली सोडला आणि घरी आलो.

आज सकाळी हसन दारात, मुलाचा हात धरून. आत येईना. अलेक्झांड्रियाची बस कुठून सुटते, एवढंच खाली बघत विचारलं. तुझ्या वसतिगृहाचा पत्ता लिहून दिला आहे. दोघे रविवारी पोचतील. पोरगा भित्रा आहे, त्याला गंभीर चेहरे करून घाबरवू नका, आणि हसन मोठ्याने बोलला तरी तो घाबरलेलाच आहे, हे लक्षात ठेव.

माया आहे तशीच ठेव. आणि हो, शरबताची बाटली हसनने माझ्याकडेच ठेवली आहे. पोर बरं होऊन आलं की वाटू, असं मी त्याला सांगितलंय.

तुझा,
दादा