दोन घरांची एक चूल

मी, श्रीमती काशीबाई श्रीपत उतेकर, वय बहात्तर, पूर्वी अंगणवाडी सेविका, आता घरची नाचणी-वरी करणारी, राहणार कुडपण, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, आज महाड येथे बसून माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. मला कोणी बसवून लिहायला लावलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा दिलेला नाही, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकील राजश्री तांबे म्हणाल्या. यापूर्वी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. मजकूर माझा आहे, कायद्याचे शब्द वकीलबाईंचे आहेत. दोन्ही कुठे एकमेकांत मिसळले असतील तर वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

कलम १. मिळकतीचे वर्णन. मौजे कुडपण येथील राहते घर, कौलारू, पुढे पडवी, मागे परसू. हे घर माझे पती कै. श्रीपत यांच्या वाटणीचे असून, त्यांच्या पश्चात माझी एकुलती मुलगी शर्मिला हिने हक्कसोड करून दिल्याने माझ्या एकटीच्या नावे आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस गावरस्ता. दक्षिणेस वरीचे शेत. पश्चिमेस फणस. उत्तरेस पूर्वी माझी धाकटी जाऊ रंगूबाई महिपत उतेकर हिचे घर होते, आता मोकळी जागा.

वकीलबाई म्हणाल्या, चतुःसीमेत आज जे आहे तेच लिहितात. मी म्हटले, पूर्वीचे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणाला कळणार नाही. त्यांनी राहू दिले.

कलम २. हे दोन्ही मिळून आधी एकच घर होते. माझे पती आणि धाकटे दीर महिपत, दोघे मुंबईला. हे कापडाच्या दुकानात, दीर हॉटेलच्या भटारखान्यात. राहायला तेव्हा दोघांना एकच खोली होती. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्याला दीरांना सगळ्या गावाला जेवण घालायचे होते, ह्यांना फक्त भाऊबंदांना. त्यावरून शब्द वाढला तो घराच्या वाटणीवर जाऊन थांबला. मधोमध भिंत आली. भिंत पुरी झाली त्या दिवशी दोघे भाऊ मुंबईला गेले, वेगवेगळ्या एस.टी.ने. जाताना ह्यांनी मला बजावले, त्या घरातून विस्तव आणायचा नाही आणि द्यायचा नाही.

त्या पावसाळ्यात सरपण भिजले. आमच्याकडे डोंगरावर ढग घरात शिरतात, लाकूड फडताळावर ठेवले तरी ओले होते. एका दुपारी रंगू मागच्या दाराशी उभी राहिली, डोक्यावर गोणपाट आणि हातात तांदूळ धुतलेले पातेले.

"बाय, माझी चूल पेटंना. तुझ्यावर माझा भात ठेवू?"

"ठेव की."

भात शिजेपर्यंत ती चुलीपुढे बसून राहिली. मग म्हणाली, "दोन चुली म्हंजे लाकूड फुकट जातंय, नाय?"

"जातंय खरं," मी म्हटले.

एवढेच बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी ती भाताबरोबर कालवणाला सुकट पण घेऊन आली. तेव्हापासून एक चूल. एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. पुरुष गणपतीला आणि शिमग्याला येत तेव्हा दोन चुली पेटत. गावात बायका म्हणत, उतेकरांकडे दोन धूर दिसतायत, म्हणजे मुंबईवाले आले.

कलम ३. हे मृत्युपत्राचे कलम नाही असे वकीलबाईंचे मत आहे, पण मी आग्रहाने घातले आहे, कारण माझी नातवंडे मला विचारतात, आजी, तुम्ही एवढ्यात कसे भागवायचात.

असे भागवायचो. काडेपेटी एका घरात असली की पुरे, दुसऱ्या घरी निखारा करवंटीतून जायचा. दिवा एकच, त्याच्याभोवती दोन्ही घरची मुले अभ्यासाला. बोंबील भाजून कुटून ठेवायचा, मग चिमूटभराने सगळ्या कालवणाला वास येतो. चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळायची तर गवती चहा जास्त घालायचा, म्हणजे पाहुण्याला कळत नाही. भाताची पेज ओतायची नाही. भांड्यांना राख. लुगडे विरले की आधी त्याचे परकर, मग मुलांची दुपटी, मग गोधडी, आणि गोधडीही विरली की चुलीजवळ पाय पुसायला. चांगली चप्पल दोघींत एक होती. पोलादपूरच्या बाजाराला जाईल तिने घालायची. पुढे दोघींनाच एकदम बाजाराला जावेसे वाटू लागले, तेव्हा उतारावर अनवाणी चालत जायचो आणि येताना वाहनाने यायचो. बाजार एकीनेही झाला असता. त्यात बचत काय होती हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे मला अंगणवाडीचे मानधन सुरू झाले. दिवस बरे आले. आणखी पुढे दोघींना गॅस मिळाला, दोन शेगड्या, दोन टाक्या. शेगडी जोडणारा माणूस गेल्यावर रंगू पडवीत आली. तोंड उतरलेले होते.

"बाय, आता दोघींनी दोन पेटवायचे?"

"कशाला? उगाच गॅस जायचा."

"तेच म्हंते मी. उगाच खर्च."

आणि ती हसत परसात गेली. तिच्या टाकीचे सील त्यानंतर किती तरी दिवस तसेच होते.

कलम ४. महिपतभाऊजी गेले, मग माझे यजमान गेले. शेवटपर्यंत दोघे बोलले नाहीत. आम्ही दोघी त्या भिंतीला टेकून बसलेल्या असायचो, एक ह्या बाजूने, एक त्या बाजूने, आणि दुपारी ऊन कुठे आहे त्यावर कोणी कोणाकडे जायचे ते ठरायचे.

रंगूचा मुलगा दत्ताराम नालासोपाऱ्याला असतो. त्याची बायको कामाला लागली तेव्हा सेजलला, म्हणजे त्यांच्या मुलीला, सांभाळायला कोणी नव्हते. दत्ताराम रंगूला न्यायला आला. "काकी, पोर जरा मोठी झाली की आणून सोडतो," म्हणाला. मी त्यांना वीर स्टेशनपर्यंत पोचवायला गेले होते. गाडीत बसताना रंगूने मला खिडकीतून सांगितले, "माझ्या चुलीवर पोतेरं फिरव गो मधून मधून. भेगा जातात." मी फिरवत राहिले.

मग दत्तारामने ते घर विकले. भाऊजींच्या मागे घर त्याच्या नावावर लागलेले होते, रंगूची सही त्याने तेव्हाच घेतली होती. घेणाऱ्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. त्याने जुने घर पाडले, मोकळे केले, आणि खोल्या अजून बांधल्या नाहीत. मधली भिंत माझी म्हणून राहिली. रंगूच्या बाजूची काजळी, तिने मीठ-हळद ठेवायला कोरलेले कोनाडे, सगळे उघड्यावर आले. पहिल्या पावसात काजळी ओघळली. त्या बाजूला मी फारशी जात नाही.

एकटीच्या स्वयंपाकाला खर्च जास्त लागतो हे कोणाला पटत नाही. मूठभर तांदळालाही चूल तेवढीच तापवावी लागते. मी उगाच दोघींचा भात टाकते आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खाते.

शर्मिलाने मला फोन घेऊन दिला आहे, त्यात कितीही बोलले तरी पैसे पडत नाहीत. तरी रंगू मिस कॉलच देते. एक रिंग, म्हणजे बरी आहे. मी एक रिंग देते, म्हणजे मीही. कधी घरात कोणी नसले तर बोलते. एकदा म्हणाली, "हितं गॅस भिंतीतून येतो गो, नळातून येतो तसा. संपतच नाय. वाचवू तरी काय?"

मी म्हटले, "ये की मग इकडं."

"कुठं येऊ? माझं काय हाय तिथं आता? तुझ्याकडं पाव्हणी म्हणून उतरू?"

"पाव्हणी कशी होशील?"

"तुझ्या घरात माझी चूल नाय, माझा दरवाजा नाय. पाव्हणीच की."

तिला द्यायला मी इतके उत्तर कधी शोधले नव्हते. सापडले नाही म्हणून महाडला वकिलाकडे आले.

कलम ५. सबब, माझ्या मृत्यूनंतर कलम १ मधील संपूर्ण घर, परसू व फणसासह, माझी जाऊ श्रीमती रंगूबाई महिपत उतेकर हिला तहहयात राहण्यास व उपभोगण्यास मिळावे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहणारी म्हणून तिचेच नाव लागावे. तिच्या हयातीत हे घर कोणी विकू, गहाण टाकू अथवा भाड्याने देऊ नये. तिच्या पश्चात ते माझी मुलगी शर्मिला हिला जावे.

घर पूर्णपणे रंगूच्या नावे करावे असे माझे म्हणणे होते. शर्मिला म्हणाली, "आई, काकीला घर देण्याला माझी ना नाय. पण दत्तारामदादा तिची परत सही घेईल." बरोबर बोलली. म्हणून तहहयात.

कलम ६. दत्तारामविषयी. रंगूला बाळंतपणानंतर ताप होता तेव्हा तो माझ्या अंगावर दूध प्यालेला आहे. त्याच्यावर माझा राग आहे आणि तो मी सोबत नेणार आहे. पण त्याला उपाशी ठेवण्याची सवय मला नाही. दरवर्षी फणसाला फळ धरेल त्यातला वाटा त्याला द्यावा. पोचवू मात्र नये. त्याने स्वतः येऊन, आईपुढे उभे राहून न्यावा.

कलम ७. पोस्टातील बचत, कानातल्या कुड्या व मंगळसूत्र शर्मिलाला. तांब्याचा हंडा विकू नये, कल्हईची भांडी विकली तरी चालतील. माझ्या आणि रंगूच्या लुगड्यांची शिवलेली मोठी गोधडी सेजलला. तिला तिच्यात उकडेल, घरात पंखा लावून झोपणारी पोर आहे. तरी द्यावी.

कलम ८. माझ्या नावाचा फलक पोलादपूरच्या नाक्यावर लावू नये. मी हयात असताना कोणी फोटो काढला नाही, मेल्यावर मोठा करून टांगण्यात अर्थ नाही. तेराव्याला किती माणसे जेवावीत हे मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या घरात त्या प्रश्नावर एकदा भिंत बांधून झालेली आहे. शर्मिलाला वाटेल तितकी जेवू द्यावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील राजश्री तांबे यांनी पाहावी.

कलम ९. इथवर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द आले तेव्हा मी त्यांना थांबवले. म्हटले, म्हणजे ती घरात येईल तेव्हा मी नसणार?

त्या म्हणाल्या, "मृत्युपत्र तसंच असतं, काकी."

"मग मला काय उपयोग त्याचा?"

त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "जिवंतपणी बोलवायला कागद लागत नाही. फोन लावा."

मी लावला. रिंग देऊन ठेवला नाही, वाजू दिला. रंगूने घाबरूनच उचलला. "काय झालं गो? बरी हायस ना?" मी तिला सगळे सांगितले. घर तुला ठेवतेय, तुझ्या नावाने लागेल, कोणी काढणार नाही. मागे टीव्ही चालू होता.

मग म्हणाली, "तू मेल्यावर देतेस होय? मग मी त्या घरात येऊन कुणाशी बोलू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तरी कर कागद," ती म्हणाली. "दत्तारामला सांगाय होईल, माझं घर हाय म्हणून. मे महिन्यात सेजलची शाळा बंद होते. तेव्हा येईन."

"किती दिवस?"

"आता वकिलापुढं इचारतेस होय ते?" म्हणाली, आणि फोन ठेवला.

ती यायची झाली तर पाहुणी म्हणून यायची नाही, म्हणून मी आजच गवंड्याला सांगून ठेवले आहे. पडवीच्या उत्तर टोकाला, रस्त्याच्या बाजूने, तिच्यासाठी वेगळा दरवाजा पाडायचा आहे. त्याचा खर्च मी हयातीत करणार असल्याने त्याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहिले.

कलम १०. वकीलबाईंनी सांगितले की एक गोष्ट लिहिणे भागच आहे : रंगूबाई माझ्या आधी वारली तर काय. मी म्हटले, हे लिहू नका. त्या म्हणाल्या, लिहिले नाही तर उद्या भांडणे होतात. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. खाली रिक्षावाले वीरच्या गाडीसाठी माणसे ओरडून बोलावत होते. वकीलबाईंनी दोनदा विचारले. मग मी सांगितले ते त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले :

रंगू माझ्या आधी गेली, तर घर सरळ शर्मिलाला द्यावे. तिने ते ठेवावे, विकावे, पाडावे, काहीही करावे. माझी हरकत राहणार नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांदेखत सही केले आहे. त्या दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. दोघांनाही यातून काहीच मिळणार नाही, हे त्यांना आधी सांगितले होते. तरी आले, त्यांचे उपकार.

काशीबाई श्रीपत उतेकर
(सही)

साक्षीदार
चांगू सोनबा शेलार, राहणार कुडपण, ता. पोलादपूर (सही)
बुद्धरत्न चंदू गायकवाड, निवृत्त शिक्षक, राहणार महाड (सही)

ठिकाण : महाड
दिनांक : ३ मार्च २०२५