गळतीखालचा कार्बोरेटर

१ मे १९९५, सोमवार
धाकटी जाऊ रुद्राणी जेवताना म्हणाली, गॅरेजच्या गल्ल्यावर ती बसेल. अक्कांनी, म्हणजे मी, देवपूजा सांभाळावी. मी मॅट्रिक. ती आठवी नापास. हे भात चिवडत म्हणाले, गॅरेजला जिचा उपयोग होईल तिच्याकडे किल्ली. पंधरा तारखेला ठरवू.
संकल्प: सुटे भाग धुवायचं मशीन करायचं. भंगारातून.

३ मे
जमा: बंद कूलरचा पंप. आडवं कापलेलं तेलाचं पिंप. पिंडीवर टांगायची तांब्याची गळती. थेंबाऐवजी धार लागते म्हणून देवळानं काढून टाकलेली. आपल्याला धारच पाहिजे. वरून गळती, खाली सुटे भाग, पिंपातलं पाणी पंपानं परत वर. महादेवानंच सुचवलं.
रुद्राणीनं विचारलं, बेल कोण वाहणार? रात्री तिच्या ताटात मीठ वाढलं नाही.

६ मे
गॅरेजात भाग रॉकेलनं धुतात. पण रॉकेल रेशनचं, ते स्टोव्हला. मशीनला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. हबीब मिस्त्री आमच्या गॅरेजात बारा वर्षं आहे. म्हणाला, "भाभी, लोखंडाला चालंल. अल्मिनम नका टाकू, सोडा खाऊन टाकतो."
जळतो. माझी अल्युमिनियमची कढई सोड्यातच निघते. काळी आहे, पण ती पहिल्यापासून.

१० मे
पंपाचा शॉक. रुद्राणीला. किरकोळ. मला वाईट वाटलं, असं लिहून ठेवते.

१५ मे, सोमवार. सकाळ
दुरुस्तीला आलेल्या राधाकिशन मास्तरांच्या स्कूटरचा कार्बोरेटर मागून घेतला. लई मळका. अकरा माळांचा जप बोलले. जप पुरा होईपर्यंत गळती बंद करत नसतात.

दुपार
तिसऱ्या माळेला फेस आला. देव पावल्याची खूण. हबीब ओरडत आला, अल्मिनम आहे, बंद करा. जपात बोलत नाहीत. मी हातानंच बस म्हणून खुणावलं. अकरा पुऱ्या केल्या. मळ साफ गेला. खालून काळा निघाला, तो मूळ रंग असावा. भोकं थोडी मोठी झालीत. पेट्रोल मोकळं येईल.

संध्याकाळ
मास्तर पायी घरी गेले. कार्बोरेटर नवा आणावा लागणार. किल्ली रुद्राणीच्या कमरेला. बरंच झालं. जड असते, आणि मला मणक्याचा त्रास.

१८ मे
गळती देवळात परत न्यायला गेले. पुजाऱ्यानं हुंगली आणि घेतली नाही. आता असल्या माणसाच्या हातचं तीर्थ घ्यायचं नाही.

२२ मे, सोमवार
मागच्या पायरीवर बसले होते. घमेल्यात रॉकेल आणि सुटे भाग, हातात दात घासायचा जुना ब्रश. हे म्हणाले, गॅरेजला तुझा उपयोग होतोय की. गल्ल्यावरून रुद्राणीनं विचारलं, "अक्का, झाले का धुवून?"
अजून चार राहिले होते.