मागच्या खोलीतून काउंटरवर

आई, दोन हजार दोन साली इथे परदेशात बाबांना कंपनीने ले-ऑफ केलं आणि तू आयसेलिनच्या एका साडीच्या दुकानात फॉल-पिकोच्या कामाला लागलीस, तेव्हा मी नववीत होते. लहानपणीच्या पोलिओने तुझा डावा पाय बारीक झालेला. त्याला आधाराला लावलेला लोखंडी कॅलिपर चालताना खटखट वाजायचा. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, तुम्ही मागच्या खोलीतच बसा. लग्नाच्या खरेदीला लोक येतात, त्यांना बरं वाटत नाही." घरी येऊन तू हे पोळ्या लाटता लाटता सांगितलंस. मी चिडून म्हटलं, "दॅट्स इल्लीगल, आई! क्विट कर." तू वर न बघता म्हणालीस, "घरखर्च तू चालवणार का? आणि मी सोडलं तर त्यांना वाटेल, बरं झालं, गेली."

त्या शनिवारी तुझा विसरलेला डबा द्यायला मी दुकानात येते. एका नवरीमुलीला नऊवारी हवी आहे, पण नेसवून दाखवायला काउंटरवरच्या एकीलाही येत नाही. मुलगी रडकुंडीला आलेली, तिची आई पर्स उचलून निघालेली. एवढ्यात मागचं दार उघडतं आणि भरल्या दुकानातून तू खटखट करत सरळ त्यांच्यापर्यंत जातेस. "थांबा, मी नेसवते." तुला वाकता येत नाही, म्हणून कॅलिपरचा पाय लांब करून तू चक्क जमिनीवर बसतेस, तिच्या जीन्सवरूनच निऱ्या घालतेस, काष्टा खोचतेस. मुलगी आरशासमोर दोन पावलं चालते आणि हसते. तिची आई विचारते, "काकू, लग्नाच्या दिवशी याल का हो?"

"येईन की," म्हणून तू मालकीणबाईंकडे वळलीस. "सोमवारपासून मी बाहेर बसेन. एक उंच स्टूल लागेल." सोमवारी काउंटरमागे स्टूल होतं. पुढे बाबांना नोकरी लागली तरी तू दुकान सोडलं नाहीस. लग्नसराईत बायका तुझ्याच नावाने विचारत यायच्या.

एक गोष्ट मात्र राहिलीच. तू खाली बसून निऱ्या घालत होतीस तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "डू यू नो हर?" मी म्हटलं, "शी वर्क्स हिअर." एवढंच म्हटलं. परतताना गाडीत तू नेहमीसारख्याच गप्पा मारत होतीस. तू ते ऐकलं होतंस का, हे तू होतीस तोवर विचारायचा मला धीर झाला नाही.