मोठा प्रेस

ताईला धाकट्याचा नमस्कार.

मी पोटभर जेवतोय, तब्येत ठणठणीत आहे. तुझा खोकला गेला का?

इथल्या कारखान्यातला फोरमन 'टेक' या एका इंग्रजी शब्दावर दिवस काढतो. गोळी घ्या, सुट्टी घ्या, पाना उचला, सगळं टेकच. जसं आपलं 'लागणं': भूक लागते, नोकरी लागते, ठेचही लागते. स्टोअरवाले काका म्हणतात, हा शब्द जुन्या दर्यावर्दी लोकांचा, आणि मुळात अर्थ नुसता 'हात लावणं'.

काल फोरमन म्हणाला, "सोमवारपासून मोठा प्रेस टेक." पत्रा दाबणाऱ्या त्याच यंत्राखाली माझ्या शेजारच्या खाटेवरच्या दादाची बोटं गेली. काका ओरडले, "गाढवा, नाही म्हण!" पण मी हो म्हणून बसलोय.

आईला एवढंच सांग, की मला बढती मिळाली.

तुझा,
धाकटा