रिकाम्या नगराची तालीम

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ६.१०
एकांकिका पूर्ण. चौथा खर्डा. पहिल्या तीनमध्येही दोष काढण्यासारखे फारसे नव्हते, पण मी काढले.

मंडळाच्या स्पर्धेत गेली सहा वर्षे सासू-सुनांचे विनोद पाहून दुबईतील मराठी माणसाची अभिरुची मरणासन्न झाली आहे. तिला यंदा ग्रीक शोकांतिकेचे इंजेक्शन देत आहे. कथानक माझे स्वतःचे: एका राजाला देववाणी होते की, तुझे नगर रिकामे होईल. तो घाबरून वेशीचे दरवाजे बंद करतो. दरवाजे बंद झालेले पाहून लोक घाबरतात आणि तटावरून उड्या मारून निघून जातात. माझा सिद्धांत: नियती वगैरे काही नसते, नियोजन गचाळ असते. मी पंधरा वर्षे बांधकाम कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे. त्या राजाच्या जागी मी असतो, तर नगर भरलेले राहिले असते.

कोरसमध्ये, म्हणजे प्रजेच्या भूमिकेत, बारा जण. त्यांत माझी कन्या ईशानी. आठवीनंतर माझ्या एखाद्या प्रस्तावाला तिने आपणहून होकार देण्याची ही पहिली वेळ. ऑगस्टमध्ये ती शिकायला नेदरलँड्सला जाईल. त्यानंतर आम्हा दोघांचे एकत्र असे काही घडेलसे दिसत नाही. म्हणून ही एकांकिका निर्दोष झालीच पाहिजे.

४ जानेवारी, रविवार
पहिली तालीम. स्थळ: अल क्वोज, मुझम्मिलचे टाइल्सचे गोदाम. मुझम्मिल दापोलीचा. जागा देतो, चहा देतो, कोरसमध्ये उभाही राहतो. वेळ साडेचारची. ४.३० ला उपस्थित: मी. कुशल ४.५२ ला आला आणि म्हणाला, सर, शेख झायद रोडला काय ट्रॅफिक आहे, विचारू नका. विचारले नाही. एनसीआर दिला. (साइटवर काम सदोष आढळले की ठेकेदाराला आम्ही जो लेखी ठपका देतो, तो.) एकूण नऊ दिले. एक मुझम्मिलला, चहा कोमट असल्याबद्दल.

घरी येऊन विभावरीला वृत्तांत दिला. ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, असंच चालू ठेवलंत ना, तर शेवटी स्टेजवर तुम्ही एकटेच उभे असाल.

विधान तारखेसह नोंदवून ठेवत आहे. खोटे ठरल्यावर दाखवता येईल.

१० जानेवारी, शनिवार
कोरसचा श्वास जुळत नाही. शेवटचे वाक्य आहे: राजा, वेस उघड, आम्ही आहोत. त्यात ‘उघड’नंतर बाराही जणांनी एकाच क्षणी श्वास घ्यायचा आहे. आज सात वेगवेगळे क्षण मोजले.

उद्या वेळेवर याल ना, या साध्या प्रश्नाला मिहिका बघू म्हणाली, कुशल इन्शाल्ला (देवाची मर्जी असेल तर) म्हणाला, आणखी एकजण जमलं तर म्हणाला. स्वतंत्र इच्छाशक्तीवरील नाटकात ही भाषा? तिन्ही शब्दप्रयोगांवर तालमीपुरती बंदी घातली. मुझम्मिल पोट धरून हसला. म्हणाला, गुणवंतभाऊ, खलास! मग दुबईत माणसानं वेळ सांगायची तरी कशी?

१७ जानेवारी, शनिवार
राजाची भूमिका करणाऱ्या निनादने विचारले, सर, देववाणी आधीच झाली होती, मग बिचाऱ्या राजाचं चुकलं काय? प्रश्न रास्त. चाळीस मिनिटांत उत्तर दिले. ग्रीकांच्या नाटकात देव फक्त मुक्काम सांगतात. तिथवरची वाट माणूस स्वतःच्या पायांनी, मोठ्या रुबाबात चालून जातो. देव म्हणजे मंडळाची कार्यकारिणी समजा: निर्णय आधी, बैठक नंतर. निरीक्षण उत्तम होते. कोणी हसले नाही.

त्यानंतर राजा कसा चालेल, कसा बसेल आणि कसा गप्प राहील, हे मी निनादला करून दाखवले. तो म्हणाला, सर, तुम्हीच करा राजा. तुम्हाला अगदी आतून जमतंय.

जाणकार मुलगा. भूमिका स्वीकारली.

२० जानेवारी, मंगळवार
व्हॉट्सॲप ग्रुपवर उच्छाद. मीम्स, शावर्मा कुठला चांगला यावर परिसंवाद, आणि ‘आज सरांचा मूड’ या विषयावर मतदान. (पर्याय दोनच: वादळ, धुळीचे वादळ.) सेटिंग बदलले. यापुढे फक्त ॲडमिन लिहू शकेल. ॲडमिन मी.

सायं. ७.००: ग्रुपवर विलक्षण शांतता. शिस्त अशी लावावी लागते.

२४ जानेवारी, शनिवार
उपस्थिती सात. चहाला बाहेर गेलेली माणसे परतत नाहीत, हे मूळ कारण शोधून काढले. उपाय: चहानंतर गोदामाचे शटर खाली ओढले. मुझम्मिल म्हणाला, भाऊ, नको ना असं, आगीचे नियम कडक आहेत, सिव्हिल डिफेन्सवाले धरतील. मी म्हटले, फक्त दोन तास.

वीस मिनिटांनी मोजले तर चार. मागे माल उतरवायचे दार आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या राजाच्या नगराला असले दार नाही. संहिता या बाबतीत वास्तवापेक्षा सरस आहे.

विभावरीने विचारले, किती उरले? मी म्हटले, निवडक.

३१ जानेवारी, शनिवार
मुझम्मिलचा कंटेनर बंदरात आला, मिहिकाची परीक्षा, कुशलचा घसा. बाकीच्यांचीही कारणे आली. सर्व संदेश थेट माझ्या नंबरवर, ५.०२ ला, एकाच मिनिटात. इतका मेळ तालमीत कधी साधला नव्हता.

आजचा कोरस: ईशानी.

ती म्हणाली, बाबा, डिड द किंग एव्हर जस्ट आस्क देम टू स्टे? प्रश्न संहितेबाहेरचा, शिवाय इंग्रजीत. एनसीआर क्रमांक ४१. तिने तो पूर्ण वाचला, चार घड्या करून खिशात ठेवला आणि म्हणाली, ओके. आय ॲम डन. मेट्रोने घरी गेली.

मी पाऊण तास एकट्याने तालीम केली. गोदामात आवाज छान घुमतो. घुमतच राहतो.

संकल्प: तिच्याशी मोकळेपणाने बोलायचे. मुद्दे काढले आहेत. सात.

२ फेब्रुवारी, सोमवार
बोललो. तिसऱ्या मुद्द्याला तिने हेडफोन लावले.

७ फेब्रुवारी, शनिवार
स्पर्धा. स्टेजवर मी. फक्त मी. (पाहा: विभावरी, ४ जानेवारी.)

राजाची वाक्ये म्हटली, प्रजेचीही म्हटली. तिसऱ्या रांगेत माझा अख्खा कोरस पाहुण्यासारखा बसला होता. निनादसुद्धा. मधोमध ईशानी. कोरसचे शेवटचे वाक्य आले आणि मी अडलो. चार सेकंद. पाच. वाक्य पाठ होते. मीच लिहिले आहे.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आले: राजा, वेस उघड, आम्ही आहोत.

श्वास ‘उघड’नंतर. बाराही जणांचा. एकाच क्षणी.

एनसीआर देण्यासारखे काही आढळले नाही.

परीक्षकांना ती माझीच कल्पना वाटली. नगर रिकामे ठेवून प्रजा प्रेक्षकांत बसवण्याच्या धाडसी निर्णयाबद्दल दिग्दर्शनाचे तिसरे पारितोषिक. संघ एकूण तीनच होते, ही बाब गौण. पारितोषिक स्वीकारले. निर्णय माझाच असावा, असे परतताना गाडीत वाटू लागले.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.२०
ईशानीने मला एका ग्रुपमध्ये घेतले. नाव: ‘मागचं दार’. स्थापना: २० जानेवारी. सदस्य माझ्यासह पंधरा. विभावरीही आहे.

येत्या शनिवारी मुझम्मिलकडे बिर्याणी. आठला जमायचे ठरले आहे. रहदारी पाहता साडेसात योग्य. शिवाय पंधरा माणसांना तांदूळ किती, रायता कोण आणणार, याचे कसलेही नियोजन नाही. चार परिच्छेद लिहिले. जाईनात. खाली सूचना दिसली: फक्त ॲडमिन लिहू शकतात.

यादी तपासली. माझ्याखेरीज सगळेच ॲडमिन आहेत.

ईशानीच्या खोलीच्या दारात जाऊन विचारले, मला कधी लिहिता येईल? मुद्दे न काढता, नुसतेच विचारले. भिंतीवर तिने काहीतरी चिकटवले होते. एनसीआर क्रमांक ४१.

तिने हेडफोन काढले. म्हणाली, इन्शाल्ला, बाबा.